पानओव्याच्या नोंदी : गावभाग, सांगली

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीचा फराळ द्यायला विश्रामबागेत अक्कांकडे गेले होते. अक्का मूळच्या जमखंडीच्या. आमच्या गल्लीत वीस वर्षं राहिल्या आणि २०१९च्या पुरानंतर तिकडे उंचावर गेल्या. त्यांच्या गच्चीच्या कठड्यावरून पानओवा असा ओसंडत होता की खालच्या मजल्यावरच्या खिडकीला पडदा झाला होता. हात लागला आणि ओव्यासारखा वास सुटला. मी म्हटलं, "अक्का, केवढा वाढलाय! कुठून आणलात?"

"अगं, हे तुझंच की. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती तेव्हा तू दिली होतीस दोन फांद्या. कानडीत दोड्डपत्रे म्हणतात ते हे, मी लगेच ओळखलं होतं."

मला आठवेना, मग आठवलं. ते २०१८ साल. माझा पानओवा तेव्हा परसात, न्हाणीच्या भिंतीला लागून होता. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या परसात पाणी किती दिवस होतं ते मोजायला आम्ही तिथे नव्हतो, वसतिगृहात होतो. परत आलो तेव्हा परसात वीतभर गाळ होता आणि पानओव्याच्या जागी काळी लिबलिबीत काडी. त्यानंतर २०२१ला पुन्हा पाणी आलं आणि गाळाचा दुसरा थर बसला. परसात काही लावायचा हुरूपच राहिला नव्हता.

पानओवा सहसा बियांपासून वाढवत नाहीत, फांदीवरूनच घरोघर जातो. म्हणजे अक्कांकडचं झाड हे माझ्या झाडाचं रोप किंवा पिल्लू नव्हे, ते तेच झाड आहे. इथे बुडून गेलं ते तिथे कठड्यावर बसून होतं. येताना पिशवीभर फांद्या घेऊन आले. रिक्षावाल्यानेही विचारलं, ओव्याचा वास कुठून येतोय म्हणून.

ह्या वेळी नीट करायचं. वही घातली आहे. गल्लीतल्या २० घरांत एकेक कुंडी पोचवायची, म्हणजे पुन्हा पूर आला तरी कुणाच्या तरी गच्चीवर हे झाड राहील.

१० नोव्हेंबर २०२४

सकाळभर काड्या केल्या. ४ ते ५ इंचांची काडी, खालचा छेद पेराच्या अगदी खाली, खालची दोन जोड पानं काढलेली, वर दोन जोड ठेवलेली. उसाचा बेणा करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, मुळं पेरापाशीच फुटतात. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला आडवी. तुळस, पुदिना, सब्जा ह्यांचंच हे कुळ. ओवा मात्र ह्या कुळातला नाही, तो धने, जिरे, गाजर ह्यांच्या कुळातला. दोघांचा वास जुळतो कारण दोघांत थायमॉल हे वासाचं द्रव्य आहे. पानओव्यात त्याच्या जोडीला कार्व्हाक्रॉलही असतं. नात्यागोत्याचा संबंध नसताना दोन झाडं एकच तेल बनवतात, हे मला मुलांना शिकवताना दरवर्षी नव्याने सुंदर वाटतं.

काड्या लगेच मातीत खोचल्या नाहीत. पाणीदार खोडाचा ताजा छेद ओल्या मातीत गेला की तिथूनच कूज शिरते. एक दिवस जिन्याखाली सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्यात, छेद सुकून कातडी धरेल.

एकूण २४ काड्या कुंड्यांसाठी, ४ काड्या पाण्याच्या बाटलीत. तीन पानं देठासकट वेगळी ठेवली, नुसत्या पानापासून काही होतं का ते बघायला.

११ नोव्हेंबर २०२४

लावणी. तीन मिश्रणं, प्रत्येकात ८ कुंड्या, सगळ्या ७ इंची, मातीच्या, कुंभारवाड्यातून आणलेल्या.

अ : परसातली माती निम्मी, जुनं शेणखत निम्मं. आपण सगळे करतो तसं.
ब : कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग. रोपवाटिकेत मिळतं तसं.
क : जाड वाळू दोन भाग, वीटचुरा एक भाग, परसातली माती एक भाग, शेणखत एक भाग.

वीटचुरा समोरच्या बांधकामावरून मागून आणला. चाळून धूळ काढली, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवले. धूळ ठेवली तर ती वाळूच्या फटीत बसते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

कुंड्यांवर खडूने अ-१, अ-२ असं लिहिलं. एकदाच पाणी दिलं आणि पूर्वेच्या भिंतीला ठेवल्या.

१७ नोव्हेंबर २०२४

बाटलीतल्या काड्यांना सातव्या दिवशी पांढरी मुळं दिसली. चारही काड्यांना. पाणी एकदाच बदललं होतं.

२४ नोव्हेंबर २०२४

कुंडीतल्या काड्यांचे शेंडे ताजे दिसू लागले, १३ दिवस झाले. हलकं ओढून पाहिलं तर २४ पैकी २२ काड्या धरून बसल्या आहेत. तिन्ही मिश्रणांत फरक नाही. फांदी रुजवणं ह्या झाडात अवघड नाहीच, कठीण भाग पुढे आहे.

१५ डिसेंबर २०२४

राहिलेल्या दोनही रुजल्या. ब सगळ्यांत पुढे, पानं तळव्याएवढी. क सगळ्यांत मागे. हे म्हणाले, "तुझ्या वाळूच्या कुंड्या उपाशी दिसतात." दिसतात खऱ्या. वहीत तसंच लिहिते.

देठासकट लावलेल्या तीन पानांपैकी दोघांना मुळं आली, पण कोंब नाही. महिनाभर पान नुसतं मुळांवर जिवंत आहे. पेर नसेल तर डोळा नाही, डोळा नसेल तर फांदी नाही.

५ जानेवारी २०२५

अ-६ गेली. वरून काही कळत नव्हतं, पानं जरा मलूल. तहान लागली असेल समजून मी पाणी दिलं, आणि ती चूक झाली. मलूल पान म्हणजे तहान, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मूळ कुजलं तरी पान तसंच मान टाकतं, कारण पाणी वर पोचत नाही. उपटून पाहिलं तर बुडखा काळा, मुळं हातात सोलून आली. वरची दोन पेरं अजून हिरवी होती, ती कापून सुकवून क मिश्रणात लावली.

थंडीत वाढ मंदावते, झाड पाणी कमी पितं, आणि परसातल्या मातीची कुंडी आठ-आठ दिवस ओली राहते. आजपासून पाणी वारावर नाही, वजनावर. स्वयंपाकघरातला काटा वर नेला. क ची कुंडी पाणी दिल्यावर ३ किलो १०० ग्रॅम, चार दिवसांनी २ किलो ५०० च्या आसपास. अ ची कुंडी चार दिवसांनीही २ किलो ९०० वर अडकलेली. हे आकडे माझ्या कुंड्यांचे, दुसऱ्याच्या कुंडीला वेगळे येतील. पण एकदा काटा लावला की हाताला अंदाज येतो, मग काट्याची गरज उरत नाही.

९ फेब्रुवारी २०२५

दादा सावळजहून आला होता, बेदाण्याच्या शेडचं काही काम होतं. गच्चीवर आणून सगळं दाखवलं. त्याने अ ची माती चिमटीत घेऊन दाबली आणि म्हणाला, "ह्यात वाफसा कधी येणार? हा पुराचा गाळ आहे. काळ्या रानापेक्षा वाईट."

मी मुलांना मातीतल्या पाण्याच्या आणि हवेच्या पोकळ्या फळ्यावर काढून दाखवते, आणि माझ्या तोंडात हा शब्द आला नव्हता. वाफसा. पाणी पिऊन झाल्यावर माती पुन्हा श्वास घेऊ लागते ती वेळ. ज्वारीला वाफसा हवा, द्राक्षाला वाफसा हवा. पानओव्याला वाफसा येऊन वर दोन दिवस गेले तरी चालतात, कारण त्याच्या खोडात आणि पानात पाणी साठवलेलं आहे. माती ओलीच राहिलेली मात्र त्याला अजिबात सहन होत नाही.

दादाने आणखी एक गोष्ट दाखवली. "शेंडे मार की. द्राक्षाच्या वेलीला शेंडा मारून फुटवा घेतो, सबकेन करतो, तसं." मी तोवर एकही शेंडा खुडला नव्हता, झाडं एकदांडी उंच होत चालली होती. वरच्या दोन पानांसकट शेंडा खुडला की खालच्या जोडीच्या दोन्ही काखांतून फुटवा येतो. एकाचे दोन, दोनाचे चार. सगळ्या २४ खुडल्या (अ-६ च्या जागी तिचंच नवं रोप, नोंदीत त्याला क-९ म्हणते). खुडलेल्या शेंड्यांची संध्याकाळी भजी झाली.

बाटलीतल्या चार काड्यांची सोयही आज लागली. पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर आठवडाभर रुसतात, पानं गळतात, म्हणून फार वेळ बाटलीत ठेवायला नको होत्या. दोन शेजारच्या वहिनींना दिल्या. दोन परसात लावल्या : एक सपाट जमिनीत, जुन्या झाडाच्याच जागी, दुसरी उंचवट्यावर. उंचवटा म्हणजे खाली फुटक्या कौलांचा आणि विटांचा थर, वर क मिश्रण, चारी बाजूंनी विटा, उंची फूटभर. हे काम दादाने केलं.

भजीबद्दल : पान धुऊन फडक्याने अगदी कोरडं करायचं. पान मुळातच पाणीदार, त्यात वरचं पाणी राहिलं तर पीठ धरत नाही आणि तेल उडतं. डाळीच्या पिठात चमचाभर तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ. ओवा घालायचा नाही, तो पानातच आहे.

२ मार्च २०२५

पिठ्या ढेकूण. जास्वंदीवरून आला. पानांच्या काखांत कापसाचे बारीक पुंजके, आणि मुंग्यांची रांग. रांग दिसली की काखा बघाव्यात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसला, दोन तास गेले. मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, फवारणी सूर्य मावळल्यावर. पहिल्या कुंडीवर मी दुपारी फवारलं होतं, तिच्या पानांवर करपल्याचे डाग आले. ह्या पानावर दाट लव असते, थेंब ओघळून जात नाही, तिथेच बसतो. खायची पानं १५ दिवस तोडायची नाहीत, असं घरात सांगून ठेवलं.

३० मार्च २०२५

पाडवा. गुढीच्या कडुनिंबाबरोबर आईंनी प्रसादात पानओव्याचं एक पान चुरडून घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं म्हणून.

२० एप्रिल २०२५

ऊन. गच्चीवर तीन जागा करून महिना झाला, आता बोलता येईल.

पश्चिमेच्या कठड्यावर दिवसभर उन्हात ठेवलेल्या कुंड्यांची पानं लहान झाली, कडा वर वळून द्रोण झाला, रंग पिवळट, देठांवर जांभळी झाक. पान जाड आणि करकरीत. झाड मरत नाही, आकसून बसतं. जिन्याखालच्या सावलीतल्या कुंड्या उलट : दोन पेरांत अंतर पडलं, दांडा लांबडा, पान पातळ आणि फिकट, फांद्या आपल्याच वजनाने आडव्या झाल्या. एक सहज हात लागून मोडली. ह्या झाडाची फांदी काकडीसारखी कट्‌कन मोडते. पूर्वेच्या भिंतीला अकरापर्यंत ऊन आणि पुढे भिंतीची सावली, तिथल्या कुंड्या उत्तम. आपल्याकडच्या एप्रिल-मेला हीच जागा द्यावी, नाहीतर हिरवी जाळी.

वासाचं. मला वाटत होतं की उन्हातल्या पानाचा वास जास्त उग्र. वाटण्यावर विश्वास नको, म्हणून आईंना डोळे मिटायला सांगून पानं हातात दिली, दोन जागांची, उलटसुलट क्रमाने दहा वेळा. आठ वेळा त्यांनी उन्हातलं पान बरोबर ओळखलं. अर्थात उन्हातलं पान हातालाच जाड लागतं, त्यामुळे त्यांनी नाकाने ओळखलं की बोटांनी, हे ह्यावरून ठरत नाही. पुढच्या वेळी पान वाटीत चुरडून, हात न लावता हुंगायला द्यायचं.

शाळेतून १० पटीचं भिंग आणलं होतं. पानाच्या मागे लवेच्या केसांमध्ये चकाकणारे बारीक ठिपके दिसतात, तेलाच्या ग्रंथी त्याच. बोट फिरवलं की त्या फुटतात, म्हणून हात लागला की वास. सुट्टीवर आलेल्या भाच्याने अर्धा तास भिंग सोडलं नाही.

ब मिश्रणाची वेगळी तक्रार. दोन दिवस पाणी चुकलं की कोकोपीट इतकं सुकतं की पुढचं पाणी कडेने थेट खाली जातं, मधला गोळा कोरडाच. बादलीत कुंडी बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी लागते.

२२ मे २०२५

दोन दिवस पाऊस. वळीव म्हणावा तर थांबत नाही.

२७ मे २०२५

काल मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. २६ मे ही आजवरच्या नोंदीतली तिथली सगळ्यांत लवकरची तारीख. आम्ही उन्हाळ्याच्या तयारीत होतो : जाळी बांधलेली, झारी भरलेली. माझ्या वहीत "१ जूनला कुंड्या पत्र्याखाली घ्यायच्या" असं लिहिलेलं, आणि मी २० तारखेपासून चार दिवस सावळजला होते. दादाकडेही सगळ्यांची धांदल उडालेली, ह्या दिवसांत रानात कुणी पाऊस धरलेला नसतो.

आल्यावर पाहिलं तर अ च्या कुंड्यांत पाणी वर तरंगत होतं. तीन कुंड्यांचे बुडखे आजच मऊ लागताहेत. ब ची माती स्पंजासारखी भिजलेली. क च्या कुंड्यांखालून पाणी वाहतंय आणि वर वाळू ओलसर, एवढंच.

सगळ्या कुंड्या पत्र्याखाली ओढल्या. थाळ्या काढून टाकल्या, प्रत्येक कुंडीखाली दोन विटांचे तुकडे. कुंडीखाली थाळी ठेवून पाणी साठवणं ह्या झाडाला पुरासारखंच.

८ जून २०२५

अ : ८ पैकी २ उरल्या.
ब : ८ पैकी ५ उरल्या.
क : ८ पैकी ७, आणि क-९ सुद्धा आहे. गेलेली एक कुजली नाही, मांजराने पाडली, तिच्या नऊ काड्या झाल्या.

परसात सपाट जमिनीतला गेला. त्याच जागी, तसाच काळा. उंचवट्यावरचा नुसता राहिला नाही, तर पसरलाय. विटांवरून खाली वाकलेल्या फांद्यांना हवेतच पेरापेराला मुळं फुटलीत.

डिसेंबरात उपाशी दिसणाऱ्या कुंड्या आज उभ्या आहेत. गाळात पीक चांगलं येतं, ही नदीकाठची समजूत खरी आहे, पण ती उसाला, हळदीला. हे झाड पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खडकाळ, निचऱ्याच्या जागांवरचं. आपण त्याला प्रेमाने नदीचा गाळ आणि शेणखत देतो, रोज पाणी घालतो, आणि ते मेलं की "आमच्याकडे ओवा जगत नाही" म्हणतो. मीही २०१९च्या आधी त्याला न्हाणीच्या पाण्यापाशी लावलं होतं. तेव्हा ते जगलं, कारण न्हाणीच्या भिंतीचा भराव विटांच्या तुकड्यांचा होता आणि त्यावर गाळाचे थर बसले नव्हते. आता कळतंय.

ब च्या गेलेल्या तीन कुंड्यांत एक चूक वेगळी सापडली. त्यांतली एक मी मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या मोठ्या, शोभेच्या कुंडीत बदलली होती. उलटी केली तर तळाची भोकं साच्यातून आलेल्या पापुद्र्याने बंद. विकत आणताना पाहिलं नाही. आजपासून प्रत्येक कुंडीत आधी खिळा घालून बघायचा. शिवाय लहान झाडाला मोठी कुंडी नकोच, मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी साचून राहतं.

२९ जून २०२५

क च्या झाडांवरून ३० नव्या काड्या, सगळ्या क मिश्रणात. ह्या खेपेला पत्र्याखाली लावल्या, पावसाळी हवेत छेद सुकायला दोन दिवस दिले.

आईंना खोकला झाला होता. पानओव्याची दोन पानं तव्यावर कोमट करून रस, मधातून. त्यांना बरं वाटलं. मी इथे एवढंच लिहून ठेवते की हा मोठ्या माणसाचा साधा खोकला होता. गल्लीतल्या एका सुनेने तान्ह्या बाळासाठी पानं मागितली, तेव्हा मी पानं दिली नाहीत, डॉक्टरांकडे पाठवलं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. झाडावर जीव असला म्हणून ते सगळ्याला चालतं असं नाही.

नावांचाही घोळ ह्याच आठवड्यात झाला. ती सून "पाथरचूर" म्हणत होती आणि तिच्या मनात पानफुटी होती, जिच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात ती. पाथरचूर हे नाव लोक दोघांनाही लावतात. वास घ्या, म्हणजे प्रश्न मिटतो. शास्त्रीय नावही गेल्या काही वर्षांत बदललं आहे. पोर्तुगीज धर्मप्रसारक लोरेरोने १७९० साली त्याला कोलियस अँबोइनिकस म्हटलं, अंबोइना म्हणजे इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून. पुढे ते प्लेक्ट्रँथस ह्या गटामध्ये गेलं आणि २०१९ साली पुन्हा कोलियसमध्ये आलं. आमचं झाड बुडालं त्याच वर्षी.

२० ऑगस्ट २०२५

कोयनेतून सोडलेल्या पाण्याच्या बातम्या, धरणाच्या वरच्या भागात पाऊस. कृष्णेचं पाणी वाढतंय. गल्लीत कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या खालच्या खोलीतलं सामान उचललं जातंय. आम्ही तांदळाचा डबा, कागदपत्रं, आईंची औषधं वर नेली. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ आहेत.

मी परसात जाऊन उंचवट्यावरच्या झाडाच्या सहा फांद्या कापून आणल्या. पाऊस चालूच होता. फूटभर उंची वाफश्यासाठी पुरते, कृष्णेसाठी पुरत नाही.

नवी रोपं तयार होती, ३० पैकी २७. संध्याकाळी छत्री घेऊन ११ घरं केली. वेळ विचित्र होती, लोक सामान बांधत होते, पण कुणीही नको म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या काकांनी कुंडी घेऊन सरळ पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "इथवर पाणी आलं तर आपण कुणीच नसू."

रात्री अक्कांचा फोन. "माझ्याकडे आहे गं झाड. तू माणसं सांभाळ."

३१ ऑगस्ट २०२५

पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही. परसातला उंचवटा जागेवर आहे. गणपती बसलेत. पत्रीच्या परडीत आईंनी ह्याचीही पानं ठेवली होती. एकवीस पत्रींत हे नाही, मी म्हटलं, तर म्हणाल्या, "असू दे, वासाचं आहे."

१४ सप्टेंबर २०२५

उरलेली ९ घरं पूर्ण. एकूण २०. शिल्लक ७ रोपांपैकी दोन सावळजला, शेडच्या कट्ट्यावर, दोन शाळेच्या खिडकीत, तीन गच्चीवर.

अ च्या उरलेल्या दोन कुंड्यांपैकी एक जुलैत गेली त्याची नोंद राहिली होती, ती आज करते. अजून एक अ आहे, अ-२. ती का जगली ते शोधायला उलटी केली : कुंडीला तळापासून वरपर्यंत बारीक तडा होता.

२६ ऑक्टोबर २०२५

अक्का आल्या होत्या, त्यांनी तंबळी केली. दहा-बारा पानं, चमचाभर तूप, जिरं, चार मिरी परतायची. पानं मऊ पडून रंग बदलेपर्यंतच. ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायचं, ताकात कालवायचं, मीठ, वरून मोहरीची फोडणी. गरम करायचं नाही. भाताबरोबर. ह्यांनी तीनदा घेतली. भजीत वास तळून निम्मा होतो, तंबळीत सगळा राहतो. पुढच्या वर्षी रोप देताना ही कृतीही लिहून द्यायची.

१६ नोव्हेंबर २०२५

२० घरांचा फेरा केला. १६ झाडं चांगली. एक गाईने खाल्लं. तीन कुजली, आणि तिन्ही घरांत कारण एकच : कुंडी तुळशीशेजारी ठेवलेली. सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालताना शेजारच्यालाही तांब्यातलं उरलेलं घालायचं, हात आपोआप जातो. कुणाला दोष द्यावा असं ह्यात काही नाही. रोप देताना मीच सांगायला हवं होतं.

तिसऱ्या घरच्या मावशींना फार वाईट वाटलं होतं. "रोज न चुकता घातलं गं पाणी," म्हणत होत्या. त्यांच्यासाठी आज नवी कुंडी घेऊन गेले, तुळशीपासून लांब, जिन्याच्या पूर्वेच्या पायरीवर ठेवली. काटा नेला नव्हता. त्यांच्या दोन्ही हातांत कुंडी दिली, मग झारीने पाणी घालून, खालून निथळल्यावर पुन्हा दिली.

"जड झाली," मावशी म्हणाल्या.

"आता रोज नुसती उचलून बघा. पहिल्यासारखी हलकी लागेल त्या दिवशी पाणी."

त्यांनी कुंडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.